गाणं देवाने दिलं, म्हणून काय घासायचंच नाही?

मा. संपादक,

आपल्या पेपरात अभंगावर वाचायला मिळतं, भावगीतावर, गझलेवर, आता तर रॅपवर सुद्धा, कुणी कसं लिहिलं, चाल कशी सुचली वगैरे. पण ख्रिस्ती उपासनेत गायची गाणी लिहितात कशी यावर कधी काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर ख्रिस्ती लोकं पण आपसात यावर बोलत नाहीत. बोलतात ते साउंड सिस्टीमवर, मिक्सिंगवर, कुणाचा आवाज किती छान यावर. सतत कुणाचं ना कुणाचं नवीन वर्शिप साँग यूट्यूबवर येत असतं, त्यात ड्रोन शॉट असतो, पॅड असतो, भरपूर रिव्हर्ब असतो, आणि शब्द नीट ऐकले की वाटतं की बाबा, हे लिहून झाल्यावर कुणी परत एकदा वाचलं तरी का? म्हणून हे पत्र. जरा लांबेल, कापायचं तर कापा.

मी उपासनेत पेटी वाजवतो आणि तरुण मुलं गाणी लिहून आणतात ती त्यांच्यासोबत बसून बघतो. त्यात सगळ्यात आधी जी अडचण येते ती शब्दांची नाही की सुरांची नाही, ती एका वाक्याची आहे. "हे मला देवाने दिलं." झालं, विषय संपला. आता देवाने दिलेल्यात तुम्ही काना-मात्रा बदलणार म्हणजे तुम्ही कोण टिकोजीराव! मला प्रेरणा नाकारायची नाही, अजिबात नाही, एखादी ओळ खरंच अशी येते की ती आपण लिहिली असं म्हणवत नाही. पण ज्या पुस्तकाच्या जोरावर आपण हे बोलतो ते उघडून बघा ना. बायबलमधलं ११९ वं स्तोत्र १७६ ओव्यांचं आहे, हिब्रू वर्णमालेतली २२ अक्षरं ओळीने घेतली आहेत, प्रत्येक अक्षराच्या वाट्याला आठ ओव्या आणि त्या आठही ओव्या त्याच अक्षराने सुरू होतात. हे कुणाला झोपेत सुचत नाही. कुणीतरी बसलंय, खोडलंय, परत लिहिलंय, "या अक्षराला अजून दोन ओव्या कमी पडतायत" म्हणून डोकं धरलंय. आणि तरी आपण त्याला पवित्र शास्त्रच म्हणतो की नाही? पहिल्या इतिहासाच्या २५ व्या अध्यायात तर सरळ आकडाच दिलाय, परमेश्वराच्या गायनात शिकून तयार झालेले २८८ जण. शिकून तयार झालेले, नुसते उत्साही नाही.

आणि बदल करायचं म्हणाल तर नाताळात जगभर गातात ते 'हार्क द हेरल्ड एंजल्स सिंग' घ्या. चार्ल्स वेस्ली या इंग्रज गीतकाराने ते १७३९ मध्ये छापलं तेव्हा त्याची पहिली ओळच वेगळी होती, त्यात एक जुनाट शब्द होता जो लोकांच्या तोंडी बसणारा नव्हता, ती ओळ जॉर्ज व्हिटफिल्ड या उपदेशकाने १७५३ च्या आपल्या संग्रहात बदलून टाकली आणि आज आपण गातो ती व्हिटफिल्डची ओळ. मेंडेल्सोहन या जर्मन संगीतकाराची चाल तर अजून शंभर वर्षांनी, १८५५ मध्ये, विल्यम कमिंग्ज नावाच्या संगीतकाराने त्याला जोडली. गंमत म्हणजे चार्ल्सचा भाऊ जॉन वेस्ली १७७९ मध्ये आपल्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत वैतागून लिहितो की आमच्या गीतांमध्ये सुधारणा करायच्या भानगडीत पडू नका, तुम्हाला ते जमणार नाही! माणूस कितीही मोठा असो, आपल्या ओळीला कुणी हात लावला की पोटात दुखतंच. चार्ल्स वेस्लीने सहा हजारांवर गीतं लिहिली, त्यातली आज चर्चमध्ये खरंच गायली जातात ती त्याच्या एका कोपऱ्याएवढी. नवीन पोरगं पाच गाणी लिहितं आणि पाचही अल्बममध्ये पाहिजेत म्हणतं.

आता मुद्द्याचं. उपासनेचं गाणं हे गायकासाठी नसतं, मंडळीसाठी असतं. ऐकायला एकदम साधं वाटतं, पण या एका गोष्टीने सगळं बदलतं, स्केल बदलते, शब्द बदलतात, क्रियापद सुद्धा बदलतं. हे काही आजचं नाही, इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन अधिकारी सम्राट ट्राजानला रिपोर्ट पाठवतो त्यात लिहिलंय की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात. आळीपाळीने, म्हणजे यांनी म्हटलं, त्यांनी उचललं. ख्रिस्ती उपासनेबद्दल बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक, आणि त्यात सोलो गायक कुठेही नाही.

स्केलचं आधी उरकतो कारण ते सोपं आहे. सर्वसाधारण माणसाला, ज्याने कधी सा लावलेला नाही, त्याला पेटीवरच्या खालच्या पांढरी सहापासून (म्हणजे सहावी पांढरी पट्टी) वरच्या पांढरी दोनपर्यंत गाता येतं, म्हणजे एक सप्तक आणि वर दोनतीन स्वर, पुरुष तेच एक सप्तक खाली गातात. त्याच्या वर गेलात की मागच्या बाकांवरचे ओठ हलवतात फक्त. हल्लीची फॅशन अशी की पहिलं कडवं खाली खर्जात पुटपुटल्यासारखं म्हणायचं आणि शेवटचा कोरस तोच पण एक सप्तक वर चढवून, ड्रम फुल. रेकॉर्डिंगवर अंगावर काटा येतो, मान्य. चर्चमध्ये काय होतं, तर कडव्याला बायकांचा आवाज खाली पोचत नाही आणि कोरसला वर पोचत नाही, मग सगळे उभे राहून स्टेजकडे बघतात आणि आपण म्हणतो की मंडळी थंड आहे. मंडळी थंड नाही हो, गाणं त्यांच्या गळ्याचं नाही.

आता भाषा. इथे मला जरा वेळ द्या कारण मराठीत लिहिणाऱ्याला जे शिकायचंय ते इंग्रजी साँगरायटिंगच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही, त्यांना तो प्रश्नच पडत नाही.

आपल्या उपासनेतले रोजचे शब्द बघा. दया, कृपा, क्षमा, प्रभू, पिता. म्हणून बघा मोठ्याने. सगळे आधी ऱ्हस्व मग दीर्घ, लघु-गुरू. आणि आपण चाल कुठली घेतो, तर बहुतेक वेळा गिटारवर सुचलेली, जिच्यात पहिल्या ठोक्यालाच लांब सूर असतो. मग त्या लांब सुरावर 'दया' टाकलं की होतं 'दाऽऽया', 'क्षमा'चं 'क्षाऽऽमा', 'प्रभू'चा 'प्राऽऽभू'. गाणाऱ्याला कळत नाही पण ऐकणाऱ्याला कुठेतरी खटकतं, परकं वाटतं, आणि तो म्हणतो गाणं ठीक आहे पण मनाला भिडत नाही. उलट येशू, देवा, आत्मा, राजा, तारक, हे शब्द पहिल्याच अक्षराला लांब आहेत, हे ठोक्यावर छान बसतात. म्हणजे साधी युक्ती आहे, दया-कृपा-क्षमा वाली ओळ ठोक्याच्या आधी उचलायची, अर्धी मात्रा आधी, की लांब सूर 'या' वर, 'पा' वर, 'मा' वर पडतो. एवढं केलं तरी निम्मी गाणी सुधारतील. मी मुलांना सांगतो, गिटार ठेवा बाजूला, ओळ नुसती बोला, जशी आईशी बोलाल तशी, आणि कुठलं अक्षर लांबतंय ते पेन्सिलने खुणा करा, मग चालीला हात लावा.

दुसरी गोष्ट तर इतकी डोळ्यासमोर आहे की कुणालाच दिसत नाही. "मी गातो, मी येतो, मी नमतो, तुझ्या चरणी आलो." लिहिणारा मुलगा आहे, ठीक. पण समोर बायका आहेत, मुली आहेत, आज्या आहेत, आणि त्या सगळ्या बिचाऱ्या "आलो, गातो, नमतो" म्हणतायत. काही जणी हळूच "आले, गाते" म्हणतात आणि मग यमक तुटतं, 'गाते' नंतर पुढच्या ओळीत पुरुषाचं 'पाहतो' उभं. इंग्रजीत आय सिंग म्हटलं की बाई-पुरुष दोघांचं काम झालं, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही. मराठीत मार्ग भरपूर आहेत, फक्त शोधायला लागतात. भविष्यकाळ घ्या, गाईन, येईन, राहीन, त्याला लिंग नाही, आणि स्तोत्रकर्ते तरी दुसरं काय करतात, जागोजागी "मी गाईन" च आहे. अनेकवचन घ्या, "आम्ही गातो" सगळ्यांना चालतं. किंवा क्रियापद माझ्यावर ठेवूच नका, दुसऱ्या कशावर तरी टाका. परवा एका मुलीने ओळ आणली होती, तिने स्वतः मुलगी असून "थकलो मी, धावलो मी, आलो तुझ्या दारी" असं लिहिलं होतं कारण बाकी गाण्यांमध्ये तसंच असतं! तिला म्हटलं थकलं काय, पाय ना? मग पायांना थकू दे. शेवटी तिनेच केलं,

"थकले पाय, सरली वाट,
आता तुझंच दार"

बघा, 'मी' पूर्ण गेला, आणि कुणीही म्हणू शकतं, आणि शिवाय आधीच्या ओळीत तीन क्रियापदं नुसती धावत होती तिथे आता पाय आहेत, वाट आहे, दार आहे. अडचण सोडवायला गेलो आणि ओळ पण चांगली झाली. असं बऱ्याचदा होतं.

जाता जाता, आम्ही आणि आपण यातला फरक. देवाशी बोलताय तर "आम्ही तुझी लेकरं", एकमेकांशी बोलताय तर "चला आपण गाऊ". एकाच कडव्यात "हे देवा, आपण तुझी स्तुती करू" लिहिलं की देव स्वतःच स्वतःच्या स्तुतीत सामील झाला. हसू नका, असं गाणं आहे आणि ते बऱ्यापैकी चालतंय.

छंदाचं बोलतो. मुलांना वाटतं छंद म्हणजे शाळेतलं, लगावली, मार्कांपुरतं. पण मीटर म्हणजे गाणं एका चालीतून दुसऱ्या चालीत जाऊ शकण्याची सोय आहे. इंग्रजी गीतसंग्रहात मागे एक यादी असते, ८-६-८-६, ८-८-८-८ अशी, म्हणजे ओळीत किती अक्षरं उच्चारली जातात त्याचा हिशोब, एका मापाचे शब्द त्याच मापाच्या कुठल्याही चालीवर म्हणा. जॉन न्यूटनने 'अमेझिंग ग्रेस' चे शब्द इंग्लंडमधल्या ओल्नी गावात १ जानेवारी १७७३ च्या उपदेशासोबत म्हणायला लिहिले, आणि आज आपण जी चाल ओळखतो ती त्याला अमेरिकेत विल्यम वॉकरने १८३५ मध्ये जोडली. तोपर्यंत न्यूटन जाऊन बरीच वर्षं झाली होती. शब्द ८-६-८-६ मध्ये चोख होते म्हणून ते वाट बघू शकले. आजच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या ओळीत पहिल्यापेक्षा पाच अक्षरं जास्त असतात आणि लिहिणारा ती स्वतः कशीतरी कोंबून म्हणतो, त्याला जमतं कारण त्याचंच गाणं आहे. दुसऱ्या चर्चमध्ये गेलं की तिथे पहिल्या रविवारीच आपटतं.

आणि आपल्याकडे तर माप आयतं आहे. अभंग. सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक, बस. लहान अभंग तर अजून सोपा, आठ-आठ. महाराष्ट्रातल्या माणसाच्या कानात हे बसलेलंच असतं. इंग्लंडहून आलेला फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात बसून ख्रिस्ताची कथा मराठीत लिहितो तेव्हा तो ओवी घेतो, सुमारे ११ हजार ओव्या, १६१६ मध्ये छापलेलं 'ख्रिस्तपुराण'. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ती भजनं आणि अभंग लिहिले ते याच मापात, कारण त्यांना परक्या चालीत कोंबलेलं मराठी नको होतं. परक्या चालीच वाईट असं माझं म्हणणं नाही, मला ऑर्गनवरची जुनी गीतं आवडतात आणि गिटारवरची नवीन पण. पण घरात पेटी-तबला असताना, भजनी ठेका प्रत्येकाच्या हातात असताना, शिकायची सुरुवात दुसऱ्याच्या मापाने का करायची?

एक उदाहरण देतो, कसं होतं ते कळेल. १३ व्या स्तोत्रात सुरुवातीलाच दोन ओव्यांत चार वेळा "कुठवर" आहे, कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार, असं. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने त्यावर लिहून आणलं,

"हे प्रभू तू मला किती काळ विसरणार आहेस,
तुझं मुख माझ्यापासून किती काळ लपवणार आहेस"

भाव खरा आहे, वचनाला धरून आहे, व्याकरण पण बरोबर. पण चालीतला सगळ्यात लांब सूर ओळीच्या शेवटी, आणि शेवटी काय आहे, 'आहेस'. चार जण डोळे मिटून 'हेऽऽऽस' धरून उभे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण सावध नसलो की गाण्याची सगळ्यात महागाची जागा 'आहे', 'आहेस', 'करतो', 'होतो' यांना फुकट जाते, आणि वर यमक पण फुकटात जुळतं म्हणून लिहिणाऱ्याला वाटतं जमलं. तर आधी 'णार आहेस' उडवलं. 'किती काळ' च्या जागी 'कुठवर', चार अक्षरं, पुढे 'देवा', सहा झाली. मग बोटं मोजत मोजत,

"कुठवर देवा
लपवशी मुख"

इथपर्यंत पटकन आलं. तिसऱ्या चरणाला गाडी अडली. त्याने 'मनामध्ये दुःख' म्हटलं, सहा अक्षरं भरतात, यमक बसतं, काही चुकीचं नाही, पण काही होत पण नाही. परत स्तोत्र वाचलं. तिथे नुसतं दुःख नाहीये, दिवसभर, रोजच्या रोज मनात दुःख वागवायचं असं आहे. म्हणजे ते साठतंय. मग 'उरी साठे दुःख'. शेवटच्या चार अक्षरांसाठी त्याला 'परमेश्वरा' हवं होतं, ते पाच होतात, आणि 'देवा' आधीच येऊन गेलाय, परत हाक कशाला. साठणं रोजचं आहे ना, मग,

"कुठवर देवा
लपवशी मुख
उरी साठे दुःख
रात्रंदिन"

'लपवशी' जुनं वाटतं असं एक-दोघं म्हणाले. वाटू दे, अभंगात खपतं, फक्त त्याच गाण्यात पुढे 'टेन्शन' आणू नका म्हणजे झालं. हे काही फार महान काव्य आहे असं मी म्हणत नाही, पण एकदा ऐकवलं आणि सगळ्यांनी म्हटलं, कागद न बघता, ठेका धरून. पहिल्या ड्राफ्टला ते शक्य नव्हतं.

यावरून आठवलं, दुःखाची गाणी. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं, त्यातली एक तृतीयांशाहून जास्त विलापाची, तक्रारीची, देवाला जाब विचारणारी. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी "पण तरीही मी आनंद करीन" वगैरे काही नाही. आणि आपल्या नवीन गाण्यांत? विजय, आशीर्वाद, नाचू, उड्या मारू. ज्याच्या घरी मागच्याच आठवड्यात कुणी गेलंय त्याने रविवारी काय म्हणायचं? लिहिणारे म्हणतात की लोकांना अपलिफ्टिंग हवं असतं. असेल. पण मग स्तोत्रकर्त्यांनी इतकं रडून ठेवलंय ते कशाला? नवशिक्याने तर विलापापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण तिथे खोटं लगेच उघडं पडतं. आनंदाच्या गाण्यात "महिमा, गौरव, सामर्थ्य" एवढे शब्द फिरवून वेळ मारून नेता येते.

स्तोत्रांमधून कारागिरी पण किती शिकता येते! २३ वं घ्या, सगळ्यांना पाठ आहे. सुरुवातीला मेंढपाळाबद्दल बोलतंय, तो मला बसवतो, तो मला नेतो, तो, तो. आणि जिथे अंधाऱ्या दरीचा विषय निघतो तिथेच एकदम "तू माझ्याबरोबर आहेस". संकट आलं आणि 'तो' चा 'तू' झाला. आपल्या गाण्यात पण तो-तू ची अदलाबदल असते, पण ती यमकासाठी, पहिल्या ओळीत तू, तिसरीत तो, कोरसला परत तू, देव खोलीत आहे की बाहेर गेलाय तेच कळत नाही. किंवा रिपीट करण्यावरून भांडणं होतात बघा, जुने लोक म्हणतात नवीन गाण्यात एकच ओळ वीस वेळा. १३६ व्या स्तोत्रात त्याची दया सनातन आहे ही एकच ओळ २६ वेळा येते, दर ओवीत! पण प्रत्येक वेळी तिच्या आधीची अर्धी ओळ पुढे सरकते, आकाश झालं, सूर्यचंद्र झाले, मिसर झालं, समुद्र दुभंगला, रान झालं, राजे झाले. म्हणजे ध्रुवपद तेच पण दर वेळी त्याला नवीन कारण. आपल्या ब्रिजमध्ये, म्हणजे गाण्याच्या मधल्या वेगळ्या तुकड्यात, नवीन कारण नसतं, फक्त ड्रम वाढत जातो.

आणि ती जुनी कसोटी, गाण्यातून येशूचं नाव काढा आणि बघा, सिनेमातलं गाणं म्हणून चालतंय का. चालत असेल तर अजून लिहायचं बाकी आहे. तुझ्याविना मी अधुरा, तुझ्या मिठीत सारं जग, असलं काही असेल तर तुमच्या पाळकांना आधी दाखवा. पाळकांना दाखवणं हे सेन्सॉर नाही हो. गाणं उपदेशापेक्षा जास्त दिवस डोक्यात राहतं, मागच्या महिन्यातला उपदेश कुणाला आठवतोय, पण कोरस आठवतो, मग त्यात काय शिकवलं जातंय हे कुणीतरी बघायला नको?

भाषांतराबद्दल थोडक्यात. दुसऱ्या भाषेतलं चाललेलं गाणं मराठीत आणणं हा शिकायचा चांगला मार्ग आहे, घरी, वहीत. पण ते रेकॉर्ड करून आपल्या चॅनलवर टाकायचं तर परवानगी लागते, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात भाषांतराचा हक्क मूळ हक्कदाराचा आहे, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. "प्रभूच्या कामासाठी आहे" हे त्याला उत्तर नाही. लिहिणाऱ्याला जाऊन ६० वर्षं उलटून गेलीत अशा जुन्या गीतांना ही अडचण नाही, ती खुशाल घ्या.

मग शिकायचं कसं असं मुलं विचारतात. माझ्याकडे कोर्स नाही. एक स्तोत्र घ्या आणि त्याच्यावरच राहा, दहा दिवस राहा, पहिली ओळ दहा प्रकारे लिहा आणि त्यातल्या नऊ टाका. चाल मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी न ऐकता म्हणून बघा, जेवढी आठवली तेवढीच खरी चाल, बाकी सजावट. मग ते गाणं अशा चारपाच जणांना शिकवा ज्यांना गाता येत नाही, हे महत्त्वाचं, गाता येणाऱ्यांना शिकवू नका, ते तुमची चूक झाकतात. एकदा म्हणून दाखवा आणि गप्प बसा, गिटार नाही, पेटी नाही, हात पण हलवू नका. ते जिथे अडखळतील ती जागा तुमची चुकली, त्यांची नाही. जिथे ते नकळत शब्द बदलतील तो बदल बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा बरा असतो, घेऊन टाका. एका ग्रुपने दर महिन्याला असं बसायचं, दोन गाणी घ्यायची, तासभर चिरफाड करायची आणि चहा पिऊन घरी जायचं, आणि त्यात एक नियम, "देवाने दिलं" हे वाक्य त्या तासात बोलायचं नाही. हे जिथे होतं तिथली गाणी लगेच ओळखू येतात.

आता तुम्हाला विनंती. तुमच्या रविवारच्या पुरवणीत कविता छापता, त्यात कधीतरी असं एखादं नवीन उपासना गीत घ्या, नुसते शब्द, फोटो नको, गायकाचा परिचय नको. छापलेलं दिसलं की लिहिणाऱ्यालाच त्यातली भरताड दिसते, आणि वाचकांमध्ये कविता कळणारे पुष्कळ आहेत, ख्रिस्ती नसलेले पण, त्यांनी दोन शब्द सुनावले तर आमच्या मुलांचं भलंच होईल. आणि जे यूट्यूबवर टाकतायत त्यांनी कृपा करून व्हिडिओखाली सबस्क्राइब-लाईक-शेअरच्या आधी पूर्ण शब्द, लिहिणाऱ्याचं नाव, स्केल आणि ठेका एवढं टाकावं, म्हणजे लहानशा मंडळीत एकटा पेटीवाला असेल त्याला पुढच्या रविवारी ते बसवता येईल.

आपला,
एक वाचक आणि पेटीवाला